तिसावा

नियम एका पानावर मावत होते:
ऑक्टोबर संपायच्या आत तीस विमानतळ.
उतरलात की नावापुढे एक फुली,
तीस फुल्या झाल्या की वर्षभर कुठंही जा, फुकट.
खाली बारीक अक्षरांत: हवामानाला कंपनी जबाबदार नाही.

मी एकतीस वर्षं ब्रोन्नोयसुंदच्या धक्क्यावर
कॉड माशांचे क्रेट मोजले.
मोजणं थांबल्यापासून हातांना काम नव्हतं.
स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरला,
कडा वळू नयेत म्हणून त्यावर
मीठदाणी, चष्म्याचं घर आणि एक बटाटा.

सोलब्योर्ग म्हणाली, चार आण्याची कोंबडी
आणि बारा आण्याचा मसाला.
बहीण चुकत नव्हती. मी बेरीज केली होती, दोनदा,
आणि दोन्ही वेळा मसाला चौदा आणे निघाला होता.

सांद्नेशोएन, मुशोएन, रोस्त, लेक्नेस.
पंख्यांचं छोटं विमान
दूधवाल्यासारखं दारोदार थांबत जायचं,
वीस मिनिटं वर, पंधरा मिनिटं खाली.
पात्यांमागे समुद्र,
समुद्रात कुणाच्या तरी हातून सांडलेली बेटं.

शेजारी एकदा एक मासेमार,
ट्रोम्सोच्या हॉस्पिटलात केमोला निघालेला.
मांडीवर टोपी, टोपीत सफरचंद.
मागे शाळेचा व्हॉलीबॉलचा संघ, ओल्या मोज्यांचा वास.
सगळे कशासाठी तरी निघालेले,
मी एकटीच नुसती पोचण्यासाठी पोचणारी.
तुमचं काय, त्यानं विचारलं.
मी म्हणाले, सतरावा.
त्यानं समजून मान हलवली.
त्याला वाटलं, डोस.
मी खुलासा केला नाही.
त्यानं सुरीनं कापून अर्धं सफरचंद दिलं,
ते मी खाल्लं.
ती फुली जरा बारीक काढली.

वार्दो, मेहाम्न.
आता विमानतळ एकमेकांत मिसळू लागले:
तोच कॉफीचा थर्मास, तोच हिरवा साबण,
काचेच्या पेटीत पेंढा भरलेला तोच पफिन पक्षी.
होनिंग्सवोगला तर मी शेवटच्या पायरीवरूनच
एक बूट डांबराला टेकवला.
नियमात बसतं. मी वाचलं होतं.

एकोणतिसावं बोत्सफ्योर्द, तारीख एकतीस.
धुकं धावपट्टीवर ठिय्या देऊन बसलेलं.
तिथं सगळ्याला मिळून एकच माणूस, आस्लाक:
तिकीट तोच बघतो,
जाकीट बदलून बॅगा तोच चढवतो,
विमान उतरताना बंबाच्या गाडीतही तोच.
रात्री नऊला त्यानं तिसरं जाकीट घातलं, स्वतःचं,
आणि म्हणाला, आज नाही.
बारापर्यंत?
धुक्याला घड्याळ नसतं, बाई. घरी सूप आहे, चला.

बारा वाजले तेव्हा
त्याच्या बायकोनं माझ्या दोन्ही हातांवर
राखाडी लोकरीची लडी चढवली होती
आणि ती गुंडा करत होती.
मान वळवता आली. हात नाही.

सकाळी आभाळ घासूनपुसून ठेवल्यासारखं.
आस्लाक पहिल्या जाकिटात.
बेर्लेवोग, मी म्हणाले.
अहो, योजना काल संपली.
माहीत आहे.
सवलत नाही मिळणार.
लावा पूर्ण भाडं.

पट्टा बांधायचा दिवा विझलाच नाही,
इतकं जवळ.
शिडी. या वेळी दोन्ही बूट.
वारा असा की डोळ्यांत पाणी यावं,
त्याचा दुसरा अर्थ काढू नये.
आत काचेच्या पेटीत पफिन होताच,
पण याला एक डोळा नव्हता.
मी त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिले.

मग फुली काढायला पेन काढलं.
कागद आस्लाकच्या घरी राहिला होता,
सुपाच्या भांड्याखाली.