पान्हा

गंगावेशीतला धारेचा बाजार उठला
की तानुबाई वरुटे माझ्या खोक्यापाशी येतात.
"बॅटरी पान्हा चोरतीया बघ, दस्तगीर.
चिखलीतनं शंभर भरून निघतो मी,
दुपारच्याला बघावं तर बारा."

फोन काचेवर पालथा ठेवून भिंगरी दिली.
फुगली असती तर गरगरली असती.
नाही फिरली.
नवी घालून सातशे सुटले असते,
पण आधी हिशेबाचं पान उघडलं.

पडदा, सोळा टक्के. उन्हात बसून दूध घालायचं
म्हणून उजेड पार माथ्यावर चढवलेला.
नातवाचा क्रिकेटचा खेळ, नऊ.
गोठ्यात रेंज एक काडी, तीही लहर लागली तर;
तिथं फोन टॉवरच्या दिशेनं
चुकलेल्या रेडकासारखा ओरडत राहतो,
त्याचे अकरा.

आणि सगळ्यांच्या वर, एक्केचाळीस:
एक ॲप, बाईंनी कित्येक महिन्यांत न उघडलेलं.
पुराच्या साली भाच्यानं टाकून दिलेलं.
दर पाच मिनिटांनी ते विचारतं
राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट.
पिशवीत विचारतं, उशाखाली विचारतं.
बाहेर फेब्रुवारी. गुऱ्हाळं पेटलेली,
बंधाऱ्यावर पोरं गळ टाकून बसलेली.
पाणी उतरलं
हे त्याला कुणी सांगितलंच नाही.

"हे बंद करू?"

तानुबाई किटलीची कडी वाजवत राहिल्या.
मग म्हणाल्या,
"त्या राती साडेतीनला उठवलंतं ह्येनं.
अंधारात नऊ दावी कापली मी.
सात पोचल्या वर, रस्त्याला."
थोडं थांबून,
"ऱ्हाऊ दे. घरात एकानं तरी जागं असावं."

म्हटलं, निदान तासाला एकदा विचारू दे.
"तासात लई चढतंय रं पाणी."
अर्ध्या तासावर सौदा तुटला.
उजेड उतरवला, खेळ निजवला.
उद्या बारा नाही, पस्तीस उरतील, एवढंच बोललो.

पैसे घेतले नाहीत
म्हणून त्यांनी माझा चहाचा पेला ओढला
आणि तळाशी राहिलेलं दूध उंचावरून सोडलं.
काठोकाठ भरला पेला.
"पिऊ नगंस लगेच," म्हणाल्या,
"फेस बसू दे.
मग कळतंय, दूध किती हुतं."