सात हात

आंजर्ल्याच्या वर, जांभ्याच्या दोन गडग्यांमध्ये
रस्ता एवढाच, की माझी मॅजिक गेली
तर उरतो एका कोंबडीपुरता.
समोरून गाडी आली की कुणीतरी मागे जायचं.
कुणी, ते कुठे लिहिलेलं नाही,
पण सगळ्यांना ठाऊक:
चढणाऱ्याला वाट. भरलेल्याला वाट.
रिकामा असेल, उतरत असेल, त्याने
फणसापाशी रुंदी आहे तिथवर
मान वळवून गुमान मागे यायचं.

मला शिकवलं सत्तार मुकादमांनी.
हर्णैला बर्फाचा टेम्पो चालवायचे.
म्हणाले, पुढे कोण पण नेतो गो,
मागे सरळ जातेस का ते दाखव.
तीन रविवार नुसता रिव्हर्स.
चौथ्या रविवारी त्यांच्याच कुंपणाचा खांब पाडला.
चहा मात्र दिला.

वळणावर हॉर्न एकदाच.
'आहे मी', एवढंच म्हणायचं असतं त्याने,
'हट' नाही.
आणि दुकानासमोर लाली झोपते, भर रस्त्यात,
उन्हाची तिरीप असेल तिथे.
तिला हॉर्न कळत नाही, थांबणं कळतं.
उठते, आळस देते,
चाकाला लागेल तेवढीच सरकते,
एक बोट जास्त नाही.

एक गोष्ट मुलांना सांगितलेली नाही.
दापोलीहून रात्री परतत होते,
डोक्यात बँकेचा हप्ता, आणखी काय काय,
दिवे वरच राहिले.
समोर सायकल होती. मग नव्हती.
गटारात चाक गरगरत होतं,
पिशवीतले बांगडे रस्ताभर.
यशवंत पावसे उठले, गुडघा झटकला.
एकेक बांगडा वेचला मी
माझ्याच त्या उजेडात.
म्हणाले, दिवा वायच खाली ठेव गो बाय,
आमी पण असतो रस्त्यात.

मुलांचा एक खेळ आहे.
मी थांबले की समोरचा हात करतो.
स्टीअरिंगवरची दोन बोटं, कधी नुसती मान,
कधी भुवया.
रुमैसा म्हणते, भुवया धरायच्या नाहीत.
दुर्वांक म्हणतो, अर्धा धरा.
मागच्या काचेवर लाल धूळ असते, तीत आकडा लिहितात.
एप्रिलात, पेट्या लादलेल्या पिकअप चढतात तेव्हा,
दहासुद्धा होतात.

आज सहा झाले होते.
आणि वरून एक पांढरी, उंच गाडी.
आत एक बुवा, एक बाई, बाकी सगळा एसी.
मी चढत होते, पाठीशी अकरा पोरं.
वाट माझी.
त्याने हॉर्न दाबून धरला.
मग दिवे मारले, सकाळी साडेआठला.
मीही हातब्रेक ओढला. खोटं कशाला सांगू.
मग दिसलं, तो आरशात बघतोय,
गडग्याकडे, परत आरशात, परत गडग्याकडे,
आणि कपाळ पुसतोय.
त्याला मागे जाता येत नव्हतं.
एवढंच होतं.
हॉर्न सगळा त्याचाच होता.

मी मागे आले. फणसापर्यंत.
काकी, आपण चढत होतो! दुर्वांक ओरडला.
हो रे.
खांब आठवला मुकादमांचा.

पांढरी गाडी आरसे मिटून, फांद्या घासत,
इंच इंच करत गेली.
काच वर. हात नाही.
सहाच, दुर्वांक म्हणाला, दात ओठ खात.
तेवढ्यात खाली वळणाशी ती थांबली,
डावीकडची काच उतरली,
बांगड्या भरलेला एक हात बाहेर आला
आणि बराच वेळ तसाच राहिला.

सात! रुमैसा.
पण गाडी ती कुठे चालवत होती? दुर्वांक.
मग अर्धा.
अख्खा हात होता, अर्धा कसा?
शाळेपर्यंत भांडण.
सहावर सात, सातावर सहा, शेवटी तळवे.

आता मागच्या काचेतून
जरा बरं दिसतंय.