चिखलाचे दिवस

मार्चचा पहिला मंगळवार, व्हरमाँट.
शाळेच्या जिममध्ये घडीच्या खुर्च्या, ओले बूट,
कोपऱ्यात बीन्सचं पातेलं.
ठराव: ही शाळा बंद करावी.

मी उठले. "नको," म्हणाले,
पुढचं इंग्रजी घशात अडकलं.
मागून कुणीतरी खाकरलं, "आटपा."
वेंडेल प्रूटी वळला:
"तिचं पुरं होऊ दे.
मग मला ते खोडायचंय."

आणि खोडलं त्याने,
आकड्यांनिशी, एकही मुद्दा न सोडता.
आम्ही हरलो, तीन मतांनी.

बाहेर बर्फ वितळून रस्त्याचा राडा.
माझी गाडी आसापर्यंत रुतलेली.
वेंडेलने मागून खांदा लावला,
गुडघाभर चिखलात, तरी तोंड चालूच:
"अठरा पोरांसाठी एवढा खर्च!"

"एकोणीस!" मी खिडकीतून ओरडले
आणि ॲक्सिलरेटर दाबला.