छाट

आईचे हात काल संध्याकाळपासून
चादरीवर काहीतरी शोधतायत.
अंगठा, तर्जनी, मधलं बोट.
उचल, चिमूट, गुंडाळी, दुमड.
"वात झालाय," वॉर्डातली आया म्हणाली,
बँडेजनं मनगटं कॉटच्या दांडीला बांधली
आणि चहा प्यायला गेली.
मी बघत होते. मी काही बोलले नाही.

रात्रपाळीला ललिता मुगळी आल्या, रायबागच्या.
त्यांची मराठी कन्नडात भिजवलेली,
आमची कन्नड निपाणीच्या बाजारापुरती :
एष्टु, साकु, नाळे.
त्यांनी आधी गाठी सोडल्या.
मग स्टूल ओढलं आणि बसल्या
नुसते हात बघत,
नवी पोरगी कारखान्यात पहिल्या दिवशी
शेजारणीचे हात बघते तशा.
"काय काम करत होत्या अव्वा?"
अकरा दिवसांत हे कुणी विचारलं नव्हतं.
"बिडी. अक्कोळ रोडला. एक्केचाळीस वर्षं."
"मग वात कसला? ड्युटीवर आहेत की."

भाऊ दारात, फोनवर अँब्युलन्सचा भाव करत.
कोल्हापूरला हलवू. नको, बेळगावला.
दोन्हीकडं आमच्या ओळखी,
दोन्हीकडं आम्ही पलीकडचे.
ललिताबाईंनी त्याला उशाशी बोलावलं.
"हलवलं तर तवंदी घाटात जातील.
इथं राहिल्या तर तुमच्या हातात."
आणि त्याच्या हातात ओला कापूस दिला.
"ओठ. असं. दाबायचं नाही, टेकवायचं."
बेचाळीस वर्षांचा माणूस, ट्रॅक्टरच्या शोरूमचा मॅनेजर,
जिभेचं टोक बाहेर काढून
आईचे ओठ गिरवायला लागला.

अडीचला इंजेक्शन दिलं.
कण्हणं उतरलं, हात थांबले नाहीत.
तेव्हा त्यांनी गॉज घेतला, कात्री घेतली.
"पान केवढं?"
मी बोटांनी माप दाखवलं.
शाळेतून आलं की पत्रा ठेवून
पानं कापायचं काम माझं होतं,
त्या पत्र्याची धार अजून अंगठ्यात आहे.
तुकडे पाण्यात बुडवून त्यांनी निथळले,
"ओलंच लागतं, न्हाई का? वाळलं तर फाटतं,"
आणि एक आईच्या चिमटीत ठेवला.

हात थबकले.
अंगठ्यानं पोत तपासला.
मग गुंडाळी, मग नखानं टोक आत.
पोटावर पांढऱ्या, पोकळ बिड्या साठत गेल्या.

आई हजार घेऊन जायची.
तपासनीस मूठभर उचलायचा,
न बघता चुरगळायचा : छाट.
कधी पन्नास छाट, कधी दीडशे.
त्यांचा पैसा नाही, पान वजा.
घरी आल्यावर तोंडात साठलेलं सगळं
ती चुलीला ऐकवायची,
आम्हाला भाकरी वाढायची.

ललिताबाई एकेक बिडी उचलत,
ट्यूबलाइटकडं धरत,
इंजेक्शनच्या ट्रेमध्ये ओळीनं लावत.
"चलो ऐतरि, अव्वा. इदू चलो ऐति."
मग माझ्याकडं वळून, हळूच,
"एकबी छाट न्हाई."
तो शब्द मी त्यांना कधी सांगितला, आठवत नाही.
त्यांची आई कुठं कामाला होती,
हे विचारायचं राहून गेलं.

पाचच्या सुमाराला एक अर्धी वळलेली राहिली.
भाऊ कापूस टेकवतच होता.
त्यांनी त्याचं मनगट धरलं, थोडा वेळ धरूनच ठेवलं,
आणि म्हणाल्या, "साकु."
तेवढं कन्नड त्याला येत होतं.

कोमट पाणी आणलं. "तुम्ही बी हात लावा."
आम्ही पाठ पुसली, टाचा पुसल्या.
नखांत मुरलेला तंबाखूचा रंग
त्यांनी घासला नाही, तेलाचं बोट फिरवलं.

सातला पाळी संपली.
जाते कोण म्हणतं आपल्यात? त्याही म्हणाल्या,
"होगि बर्तेनि."
पर्स खांद्याला अडकवून व्हरांड्यापर्यंत गेल्या.
खिडकीत कारकून फॉर्म भरत होता,
व्यवसायाच्या रकान्यात 'गृहिणी' लिहीत होता.
त्यांची बस सात-दहाची.
त्या खिडकीकडं वळल्या.