नमुना क्रमांक एकसष्ट

व्यवसायाच्या रकान्यात मी 'शेती' लिहायला घेतलं,
ते म्हणाले, "गलाई. तेहतीस वर्षं. सेलमला."
सर्जेराव साळुंखे, वय अठ्ठावन्न,
मुक्काम पारे, तालुका खानापूर.

मिरजेतल्या आमच्या खोलीला एकच खिडकी.
खाली दवाखान्याच्या हिरव्या चादरी वाळतात,
सगळ्या एका मापाच्या.
त्यांनी सकाळपासून चहा घेतला नव्हता,
तंबाखूही नाही. हे सांगताना
हात खिशाकडे गेला आणि रिकामा परत आला.

उजव्या गालात पांढरा चट्टा, कड लालसर.
आमटी झोंबते, चार महिने झाले.
तोंड दोन बोटं उघडतं.

थुंकायचं नाही, लाळ आपोआप साठू द्यायची,
मग नळीत सोडायची.
पाच मिनिटं ते खाली मान घालून बसले,
शिक्षा झालेल्या पोरासारखे,
आणि मी घड्याळाकडे बघत राहिले.

मग मी पट्टी काढली. नखाएवढी.
मधोमध सोन्याचा ठिपका.
कपाळावरचा चष्मा नाकावर आला.
"चोख हाय का?"
दोन वर्षं मी ह्या ठिपक्यावर काम करते आहे.
हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

सांगितलं जमेल तसं:
सोन्यावर आधीच चिमटे बसवून ठेवलेत,
डोळ्यांना न दिसणारे,
एकाच प्रथिनाची वाट बघणारे.
लाळेत ते असलं तर येऊन अडकतं,
विजेच्या वाटेत ठाण मांडून बसतं.
वाट अडली की प्रवाह उतरतो.
पडद्यावर डोंगर उमटतो, काका.
उंच आला तर बरं.

"आन् असतंय किती ते?"
ग्रॅमचे अब्ज भाग करा, म्हटलं,
त्यातल्या एकाचाही तुकडा.
मला वाटलं, हसतील. बाकीचे हसतात.

"सोनाराच्या दुकानातली झाडलोट
आम्ही पोत्यानं इकत घ्यायचो.
केस, कोळसा, इडीची थोटकं, पायाची माती.
जाळायची, धुवायची, पाऱ्यात घोळायची,
मग तेजाब.
पोत्यामागं गुंजभर. कवा तेवढंबी न्हाई.
धूर घशाला बसायचा, म्हणून तोंडात
कायतरी धरावंच लागायचं."
एवढं बोलून ते थांबले.
जीभ गालाकडे गेलेली बाहेरून दिसली.

थेंब. वीस मिनिटं. धुणं.
वरून पिवळा द्राव, हळदीच्या पाण्यासारखा.
यंत्राची रेघ निघाली,
चढली, आणि लवकरच दमली.
मागे कोऱ्या नमुन्याचा डोंगर, फिकट राखाडी,
त्याच्या पायथ्याशी हा, शेताच्या बांधाएवढा.
दुसरी पट्टी लावली. तिसरी लावली.
तिन्ही रेघा एकमेकींवर अशा बसल्या
की एरवी मी खूश झाले असते.

निकाल सांगायची मला मुभा नाही.
अभ्यास चालू आहे, कागदावर ते फक्त एकसष्ट आहेत.
मी चेहरा सरळ ठेवला.
पण ज्या माणसानं तेहतीस वर्षं मुशीत डोकावून
रंगावरून खोट ओळखली
त्याच्यापुढं चेहरा ठेवून ठेवून किती ठेवणार.

"हीण निघालं म्हणा की."

"तुकडा काढून तपासतील," मी म्हटलं,
"खरं तेच. हे अजून शिकतंय.
बुधवारी, पहिला मजला, खोली नऊ."
चिठ्ठी त्यांनी चार घड्या करून
तंबाखूच्या खिशात ठेवली.

दारात वळले.
"ह्या पट्ट्यांचं काय करता?"
पिवळ्या पिशवीत जातात. भट्टीत जळतात.
"सोन्यासकट?"
सोन्यासकट.
"आन् राख?"

राखेचं काय होतं, मला माहीत नव्हतं.

"इचारून ठेवा," म्हणाले,
"बुधवारी येतोयच मी."