सोळा अँपिअर

दिल्लीहून खोकं आलं त्या दिवशी
वाचनालयात मी होते, आणि सुर्वेआजोबा,
गुजराती छापं छातीवर घेऊन झोपलेले.
कुरिअरवाला म्हणाला, सही आणि शिक्का.
शाईची गादी वाळलेली.
शिक्क्यावर तोंडाची वाफ दिली आणि उठवला:
वॉर्ड वाचनालय, दांडिया बाजार, बडोदे.

खोक्यात पांढरा डबा, चार दिव्यांचा.
वस्तीतल्या कुणीही यावं, फुकट इंटरनेट वापरावं, असा.
सात पानांची पुस्तिका. हमीपत्र.
आणि वायरीच्या टोकाला
सोळा अँपिअरची जाड पिन.

आमच्या भिंतीत सॉकेट पाचचं.

गोष्ट खरं तर इथेच संपते.
चालली मात्र अकरा महिने.

दिल्लीचं पत्र हिंदीत: उपकरण पोचले आहे,
भिंत हा स्थानिक विषय.
गांधीनगरचं गुजरातीत: आधीच्या पत्राची प्रत जोडून पुन्हा पाठवा.
महानगरपालिकेचा साहेब तोंडीच बोलला, गालात मावा धरून,
भिंत आमची, मान्य,
पण सॉकेटचा खर्च कुठल्या शीर्षाखाली टाकू, ताई,
डबा तर आमच्या यादीतच नाही.
दोन्ही पत्रं मी फाइलला लावली
आणि समासात मराठीत लिहिलं: पिन बसत नाही.
समास कोण वाचतं.

दर मंगळवारी हेतल वसावा यायची,
मकरपुऱ्याच्या हॉस्टेलवरून, दोन बस बदलून.
नर्सिंगचा फॉर्म भरायचा होता. दारातूनच विचारायची,
चालू थयुं, बेन?
मी डब्याकडे बघायची. तीही बघायची.
शेवटची तारीख गेली, त्याच्या पुढच्या मंगळवारी ती आली नाही.
फॉर्म भरला गेला का, मला माहीत नाही.
तिचा नंबर घ्यायचं सुचलंच नव्हतं.

डबा ठेवला होता जुन्या लाकडी पेटीवर.
महाराजांच्या काळात म्हणे पुस्तकं भरून
अशा पेट्या गावोगाव जायच्या.
झाकणाच्या आत अजून रंगाने लिहिलेलं आहे:
सिनोर, डभोई, सावली.
हिला नुसती एक कडी.
कडी कुठल्याही गावात उघडते.

मार्चमध्ये बैठक ठरली. विषय: समन्वय.
आमच्याच खोलीत. दिल्ली पडद्यावर,
गांधीनगर खुर्चीत, महानगरपालिका पंख्याखाली.
चित्रात बाणच बाण. वरून खाली ठळक,
खालून वर तुटक.
मी पाण्याचे पेले मोजत होते.

सव्वाचारला चहाचा बंब घेऊन निलय आला,
केटररचा पोऱ्या, मिसरूड न फुटलेला.
बंब विजेचा. त्याची पिनही जाड.
गर्दीत ओळखीचं माणूस दिसावं
तशी ती मला दिसली.
त्याने सॉकेट बघितलं, खिशात हात घातला,
किल्ली, रबरबँड, दोन रुपये, आणि एक कन्व्हर्टर.
लावला. जरा जळका वास आला.
चहा उकळला, सगळ्यांनी घेतला,
साखर जास्त आहे म्हणाले.

इतिवृत्तात आलं: समन्वय साधण्यात आला.

माणसं गेल्यावर मी म्हटलं, निलय, हे इथे ठेवशील का रे?
राखो ने, मासी, बीजुं छे.
आणि बंब उचलून गेलासुद्धा.

चार दिवे लागले, एकेक करत, शेवटचा जरा अडखळून.
सुर्वेआजोबा जागे झाले.
कोण आलं, म्हणाले.

आता साठा नोंदवहीत लिहायचंय:
कन्व्हर्टर, नग एक.
कुणाकडून मिळाला, या रकान्यात छापूनच आलंय
केंद्र, राज्य, मनपा, लागू असेल त्यावर खूण करा.
खूण कशावरच केली नाही.
समासात लिहिलं: निलय, चहावाला.

ऑडिट ऑगस्टमध्ये आहे.