जातो, जात नाही

अंबडच्या कारखान्यात माझं काम एवढंच :
भोकात गेज घालायचा.
हिरवं टोक गेलं पाहिजे,
लाल टोक जाता कामा नये.
दिवसाला अठराशे नग.
अठराशे वेळा लोखंडाला विचारते, जातो का?
लोखंड आढेवेढे घेत नाही.

गुरुवारी शिफ्ट सुटली की
कॉलेज रोडला उतरते.
तिसऱ्या मजल्यावर, एका बाजूला कललेल्या पंख्याखाली
निरभवणे बाई तत्त्वज्ञान शिकवतात.
वर्गात आम्ही चौघं.
एक निवृत्त पोस्टमन,
एक स्पर्धा परीक्षेला कंटाळलेला मुलगा,
एक काकू, ज्या का येतात ते सांगत नाहीत,
आणि मी, नखांत कटिंग ऑइल घेऊन.

पहिल्या दिवशी बाईंनी विचारलं, का आलात?
म्हटलं, गेजमुळे.
तिघं हसले.
बाई म्हणाल्या, सांगा.

नग बरोबर आहे, हे गेज सांगतो.
गेज बरोबर आहे, हे दर सहा महिन्यांनी
लॅबमधला मास्टर सांगतो.
मास्टर तपासायला पुण्याला जातो,
पुण्याचा आणखी कुठेतरी.
मी खैरनार साहेबांना विचारलं होतं,
शेवटच्याला कोण तपासतं?
ते म्हणाले, टार्गेट किती झालं तुमचं?

बाईंनी खडू खाली ठेवला.
म्हणाल्या, ह्या प्रश्नावर माणसं
अडीच हजार वर्षं बसून आहेत,
अजून कुणाला उठता आलेलं नाही.
सरका म्हणावं जरा,
तुम्हालाही जागा होईल.

दीर विचारतो, ह्यानं पगार वाढतो का वहिनी?
नाही वाढत.
कांदासुद्धा त्याच भावानं मिळतो.
फक्त भाव विचारताना
'भाव' ह्या शब्दापाशी मी क्षणभर अडकते
आणि मागची बाई म्हणते, घ्यायचं तर घ्या ना.

मार्चमध्ये प्रेसखाली पेखळेचं बोट गेलं.
डावी तर्जनी, दोन पेरं.
ऑफिसात त्याचाही तक्ता असतो :
कुठलं बोट, किती पेरं, माणूस किती टक्के उणा.
चहाच्या सुट्टीत पेखळे म्हणाला,
ताई, एवढे टक्के मी गेलो म्हणे.
मग उरलेला मी कुठून कुठवर?
आणि जे नाही ते रात्री खाजतं.
ती खाज कुणाची?

तो थट्टा करत नव्हता.
माझ्या ॲप्रनच्या खिशात गेज होता,
हिरवं टोक, लाल टोक.
वर्गात ऐकलेलं एकेक वाक्य तोंडाशी आलं
आणि त्याच्या हाताशेजारी धरून पाहिलं तर
सगळी ढिली.
एकही पास झालं नाही.
मग मी उत्तर दिलं नाही.
चहा गार होईपर्यंत दोघंही
त्या नसलेल्या बोटाकडे बघत बसलो.
भोंगा झाल्यावर उठता उठता त्यानं विचारलं,
तुमच्या त्या क्लासची फी किती?
सांगितली.
म्हणाला, बघू.

वर्ग सुटल्यावर रिक्षा होळकर पुलावरून जाते.
खाली रामकुंडाशी
उशिरा आलेलं एखादं कुटुंब
मोबाईलच्या उजेडात पायऱ्या शोधत असतं.
म्हणतात, त्या पाण्यात हाडं विरतात.
कुणी तपासलं, असं मनात येतंच.
टोचायला नाही. हाताला लागलेली सवय.

वडिलांच्या अस्थी तिथे मीच सोडल्या होत्या.
भाऊ नाही मला.
गुरुजी म्हणाले होते,
आता मागे वळून पाहायचं नाही.

मी पाहिलं.
काही नव्हतं. एक द्रोण फिरत होता,
पाण्यावर कुणाचा तरी झेंडू.
पण वळले ती वळलेच.
बहुतेक तेव्हाच माझं नाव
बाईंच्या हजेरीत लागलं होतं,
फी मात्र ह्या जूनमध्ये भरली.